वेस्संतराच्या पटाची पुढची काठी

तांदळाच्या शेवया पाडायला दोन माणसं लागतात. एकानं पीठ दाबायचं, दुसऱ्यानं उकळत्या पाण्यातून शेवया उचलून गार पाण्यात सोडायच्या. लामदुआन सकाळपासून दोन्हीकडे एकटीच पळत होती, कारण आई एकेचाळीस दिवस घरी नव्हती. ती नदीवर होती. पाटबंधारे खात्याच्या आंबराईत, निळ्या ताडपत्रीखाली, स्वतःच्याच मुलाच्या खात्याविरुद्ध धरणं धरून बसली होती.

उद्या वेस्संतराच्या कथेचं प्रवचन, बुद्ध आदल्या जन्मी जो दानशूर राजपुत्र होता त्याचं. एका दिवसात तेरा अध्याय, हजार गाथा, पहाटेपासून दिवे लागेपर्यंत. आज सगळ्यांनी जमायचं, शेवया पाडायच्या, चिकट भाताच्या हजार गोळ्या वळायच्या, आणि ऊन कलतं झालं की आंबराईतून वेस्संतराचा चितारलेला पट गाजतवाजत विहारात आणायचा. राजपुत्र वनातून नगरात परत येतो, तो असा. पणज्याच्या काळापासून आंबराई हेच वन. खात्याचं कुंपण तिला नंतर पडलं.

मोटार फणसाखाली थांबली. मागे दुसरी मोटार नव्हती, शिपाई नव्हते. बुन्लुआ, तिचा थोरला भाऊ, उतरला, बूट काढून पायरीशी ठेवले, आणि सरळ शेगडीपुढे येऊन झारा उचलला.

"हात धुतलेस?" लामदुआननं विचारलं.

"उपमंत्री झालोय, लाम. गलिच्छ नाही झालो."

"मला काय माहीत. नऊ वर्षांत तुझे हात पाहिलेत कुठं मी? दूरदर्शनवर नुसतं तोंड दाखवतात."

तो हसला. पण शेवया उचलायची लकब विसरला नव्हता. मनगटाला हलका झटका देऊन तो त्या बरोबर वेटोळ्यात बसवत होता. लामदुआन पीठ दाबत राहिली. थोड्या वेळानं तो खालच्या आवाजात म्हणाला, "सोमवारी सकाळी आंबराई मोकळी करायचीय. आदेशावर माझी सही आहे. त्याआधी आईला घरी आण."

"तू सांग तिला."

"माझं ऐकते होय ती?"

"तुझंच तर ऐकलं तिनं! बाजारात टोपली घेऊन बसायला लाजायची आपली आई. रस्त्यावर बसायला तिला शिकवलं कोणी? तूच ना? आता ऊठ म्हणतोस."

बुन्लुआनं आणखी एक वेटोळं उचललं. वाफेनं त्याचा चेहरा ओला झाला होता, आणि उजव्या कानामागचा जुना व्रण पांढरा दिसत होता. लामदुआनची नजर तिथं गेली आणि तिचा राग नेहमीसारखा अर्ध्यातच विरला. तीस वर्षांपूर्वी नदीवर धरणाचे पहिले दरवाजे बांधले जात होते तेव्हा सगळं गाव याच आंबराईत बसलं होतं, आणि भोंगा हातात असायचा चोवीस वर्षांच्या बुन्लुआच्या. लामदुआनला तिथंच ताप चढला. पोलिसांनी रस्ता अडवलेला. तिला पाठीवर घेऊन हा सरळ त्या रांगेतून चालत गेला होता. काठी याच्या डोक्यात बसली, तरी पाठीवरचं ओझं यानं खाली ठेवलं नाही. त्या ओझ्याला पुढं मुलगी झाली, घर झालं, पन्नाशी आली. रोज सकाळी भिक्खूंच्या पात्रात भात घालताना लामदुआन एक चिमूट मनातल्या मनात भावाच्या नावानं घालत असे. मग तो उपमंत्री असो की आणखी कोणी.

"सोमवारी पोलिस तिचा हात धरून तिला उठवतील," ती म्हणाली. "फोटो येईल. त्याच्यानंतर ती या घरात तुला पाणी देईल, पण तुझ्याशी बोलणार नाही. आणि मी कुणाकडे बघू, दादा? मला एकच आई आहे आणि एकच भाऊ."

"म्हणून तर आलोय."

"मग चल. शेवया तिथंच न्यायच्यात."

आंबराईत शंभर-सव्वाशे माणसं होती. केळीच्या सोपट्यांच्या कमानी, कागदी फुलं, भाताच्या करंड्या, आणि मध्ये ताडपत्रीवर लावलेला फलक: 'चार महिने दरवाजे उघडे ठेवा.' पहिल्या आंदोलनात एवढंच हाती लागलं होतं. दरवाजे झाले ते झालेच, पण वर्षातले चार महिने ते उघडे राहतील आणि मासे वर चढतील, हे सरकारनं कबूल केलं होतं. ते कबूल करून घेणारा माणूस बुन्लुआच होता. आता वरच्या अंगाला दुसरे दरवाजे व्हायचे होते, आणि मग ते चार महिनेही बुडणार होते.

त्याला पाहून कोणी ओरडलं नाही. बायका सरकून बसल्या, हात जोडले. तेच त्याला जड गेलं असावं. आधी तो 'अरे लुआ' होता. आज एक म्हातारा "साहेब, इकडं सावलीत बसा," म्हणाला.

आई, म्हणजे खम्फाव आजी, चटईवर पट पसरून त्याच्या काठांना काठ्या बांधत होती. सत्तर हात लांब कापड, तेरा अध्यायांची तेरा चित्रं. दोरी दातात धरूनच ती म्हणाली, "जेवलास?"

"नाही."

"पान्वाद, मामाला भात दे."

लामदुआनची मुलगी पान्वाद सव्वीस वर्षांची, आणि आता भोंगा तिच्या हातात. तिनं भाताची करंडी आणली आणि मामापुढं जरा जोरातच ठेवली. "घ्या मामा. चळवळीचा भात आहे. खाल्ल्यावर तुमच्या खात्यात चालेल ना?"

"पान्वाद!" लामदुआन म्हणाली.

"बोलू दे तिला," बुन्लुआ म्हणाला. त्यानं भाताचा गोळा मोडला, चिंचेच्या तिखटात बुडवला. "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी याहून वाईट बोलायचो. पण बाई, तेव्हा मला एकच बाजू दिसायची. आता तिन्ही जिल्ह्यांचा नकाशा भिंतीवर असतो. दक्षिणेकडच्या गावांत टँकर जातो दोन आठवड्यांनी. त्यांना पाणी नको?"

"साखर कारखान्याला किती जाणार ते पण सांगा की."

"जाणार थोडं. खोटं नाही सांगत." तो आईकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. सभेतला झाला. "आई, तूच लहानपणी गोष्ट सांगायचीस ना? पाऊस पाडणारा पांढरा हत्ती वेस्संतरानं दुष्काळी कलिंगाच्या लोकांना देऊन टाकला. आपले लोक चिडले, राजवाड्याच्या दारात ओरडले, निरपराध राजपुत्राला वनात धाडलं. मी दुसरं काय करतोय? तहानलेल्याला पाणीच देतोय ना?"

हे आईपुढं म्हणायचं त्यानं राजधानीतून निघतानाच ठरवलं असणार, असं लामदुआनला वाटलं. फार घोटीव होतं ते.

आजीनं दातातली दोरी काढली. "ये इकडं. हे बघ." तिच्या मांडीवर दुसऱ्या अध्यायाचं चित्र होतं. या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या याच अध्यायाचं यजमानपद. राजवाड्याचं दार, दारापुढं मुठी उगारलेले नगरजन. पणज्यानं चिताऱ्याला सांगून त्या नगरजनांना गावातल्याच माणसांचे चेहरे काढून घेतले होते. "हा कोण?"

"म्हातारे संजय राजे. वेस्संतराचे वडील."

"कुठं उभे आहेत?"

"दारात."

"दारात. गच्चीवर नाहीत, पडद्यामागं नाहीत. लोक ओरडताहेत आणि राजा बाहेर येऊन उभा आहे. आणि तुझा वेस्संतर? त्यानं शिपाई मागवले का? तो म्हणाला, लोक म्हणतात तर जातो, मला दान द्यायला फक्त एक दिवस द्या. तुला वेस्संतर व्हायचंय ना? हो की. जा वनात. त्याची बायको गेली होती बरोबर, तुझ्या बायकोची बॅग मी भरून देते."

बायका खदखदून हसल्या. बुन्लुआही हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

"ज्यांनी त्याला हाकललं त्यांची बाजू घेतेस?"

"बाजू?" आजीनं चित्रावरची धूळ पदरानं पुसली, हळू, जणू त्या लोकांची तोंडं पुसतेय. "अरे, मी त्यांचे उपकार मानते. ते ओरडले नसते तर राजपुत्र वाड्यातच राहिला असता, हत्तीघोडे वाटत. वनात गेला म्हणून त्याचं दान पुरं झालं. आणि तेराव्या अध्यायात त्याला आणायला कोण जातं, ढोल घेऊन? हेच. दारात ओरडलेलेच. जे तुझ्या दारात येतच नाहीत ना, ते वनात तुला आणायलाही येणार नाहीत. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

विहाराकडून ढोल वाजला. निघायची वेळ झाली होती. माणसं उठली, काठ्या उचलल्या गेल्या, पट जमिनीवरून सळसळत वर आला.

पुढची काठी या घराची. वडील गेल्यापासून ती लामदुआनचा नवरा धरायचा, यंदा त्यानं ती पान्वादला सोपवली होती. तिनं ती धरलीही. मग मामाकडे पाहिलं, ओठ चावला, आणि काठी पुढं केली.

"तुमची आहे. मला कमरेला दुखतं."

"सव्विसाव्या वर्षी?"

"एकेचाळीस दिवस चटईवर झोपून बघा."

बुन्लुआनं कोट काढून फांदीवर टाकला. खिशातला फोन वाजत होता. त्यानं तो बंद करायचं बटण शोधलं, सापडेना, तेव्हा लामदुआननं तो त्याच्या हातातून घेऊन आपल्याजवळच्या रिकाम्या भाताच्या करंडीत टाकला आणि झाकण लावलं. एका बाईनं त्याच्या डोक्याला पांढरं फडकं बांधलं. कानामागचा व्रण उघडा पडला. ढोलवाल्या काकांनी तो पाहिला आणि ढोलाची वादी आवळली.

मिरवणूक निघाली. नाचणाऱ्या म्हाताऱ्या पुढं, मग पट, मागं फुलांची ताटं. कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचतात न पोचतात तोच आठ पोलिस आडवे आले. पुढं कोवळ्या मिशीचा फौजदार, हातात कागद. त्याला घाम फुटला होता.

"थांबा. सगळ्यांनी थांबा. मिरवणुकीला मनाई आहे."

"ही वेस्संतराची मिरवणूक आहे बाळा," खम्फाव आजी म्हणाली.

"आजी, मी काय करू? कागदावर तसं कुठं लिहिलंय?" फौजदारानं मान वर केली आणि पुढची काठी धरणाऱ्या माणसाला पाहिलं. हात आपोआप कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच अडकला. "साहेब... हा आदेश... आपलाच आहे साहेब."

ढोल थांबला.

राजधानीतल्या कारकुनांनी तो लिहिला होता. चौथ्या महिन्यात या गावात वेस्संतराचा सण असतो हे त्यांना कुठून ठाऊक? पण बुन्लुआला ठाऊक होतं. लामदुआननं त्याच्या पाठीकडं पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"वाच," तो म्हणाला.

"साहेब?"

"मोठ्यानं वाच. मी सही केली, वाचला नव्हता."

फौजदार वाचू लागला. "खात्याच्या हद्दीत पाचपेक्षा अधिक व्यक्तींनी एकत्र जमणे, मिरवणूक काढणे, ढोल अथवा तत्सम वाद्ये वाजविणे, लांब कापडी फलक धरणे..."

"...तसेच जमावास शिजविलेले अन्न पुरविणे," बुन्लुआ म्हणाला, "हे सार्वजनिक शांततेस बाधक समजण्यात येईल."

फौजदारानं कागदाकडं पाहिलं, मग साहेबाकडं. शब्दान्‌शब्द तोच होता.

आणि त्याच क्षणी, 'अन्न' हा शब्द ऐकताच, खम्फाव आजीनं काखेतली भाताची करंडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. हात आपसूक वर गेले होते. तीस वर्षांपूर्वी सरकारनं हाच आदेश काढला होता, आणि बुन्लुआ रोज सकाळी भोंग्यावर तो वाचायचा, अगदी साहेबी आवाज काढून. 'अन्न' आलं की आई करंडी वर करायची आणि सगळी आंबराई हसायची. पोलिससुद्धा तोंड फिरवून हसायचे. कारकुनांनी फडताळातला तोच जुना मसुदा काढून वरची तारीख तेवढी बदलली होती.

पहिल्यांदा ढोलवाले काका हसले. मग म्हाताऱ्या. मग सगळेच, वय विसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पान्वादला काही कळेना, ती आईला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" लामदुआनला सांगता येईना. तिला दादाचं हसू दिसत होतं. ते चोवीस वर्षांच्या पोराचं हसू होतं. मग तिनं ते विझतानाही पाहिलं. तो आईकडे बघत राहिला. आईचे बारीक हात अजून वर होते, आणि करंडी रिकामी होती. भात तिनं त्यालाच खाऊ घातला होता.

"खाली घे, आई," तो म्हणाला. "हात दुखतील."

"तू सांग, मग घेते."

बुन्लुआनं काठी पान्वादच्या हातात दिली. फौजदाराकडून कागद आणि पेन घेतलं, ढोलावर कागद ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. लिहिता लिहिता ढोल धुमधुमला, तसे काका म्हणाले, "हळू रे लुआ, कातडं नवीन आहे." नऊ वर्षांत गावानं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

"आदेश मागं घेतलाय," त्यानं कागद फौजदाराला दिला. "पोचपावती पाहिजे असेल तर विहारात ये, जेवूनच जा." मग तो पान्वादकडे वळला. "सोमवारी पोलिस येणार नाहीत. मी येईन."

"एकटे?"

"एक चटई लागेल. दुसरे दरवाजे होणारच नाहीत असं वचन देत नाही, ऐक. मला अजून तिकडची टँकरची गावं दिसतात."

"आणि आम्ही उठू असं वचन आम्ही देत नाही."

"नकोच देऊ. पण मी ऐकायला बसणार आहे. पहिल्यांदा तुम्ही बोलायचं."

"चटया आहेत खूप," पान्वाद म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "बसणारे कमी पडतात, मामा."

फौजदारानं टोपी काढली आणि पटाला हात जोडले. फाटक उघडलं. वेस्संतर नगराकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी, पहिला अध्याय संपून ऊन विहाराच्या पायऱ्यांवर आलं, तेव्हा वयोवृद्ध भंते सुक धर्मासनावर बसले आणि दुसरा अध्याय गाऊ लागले. ऐंशीचे भंते, पण स्वर कसा! ओवीगणिक वर चढायचा, तिथं क्षणभर तरंगायचा आणि मग उतरताना ऐकणाऱ्याचं काळीज बरोबर घेऊन यायचा. यजमान म्हणून बुन्लुआ अगदी समोर, हात जोडून, मांडी न बदलता. हत्ती दिला गेला. नगरजन दारात आले. भंतेंनी त्यांचा कोलाहल असा गायला की मागं बसलेल्या बायकांच्या मुठी आपोआप वळल्या. मग संजय राजे दाराबाहेर आले, आणि भंतेंचा स्वर एकदम खाली, बापाच्या आवाजात आला: "लेकरांनो, मी ऐकतो आहे." बुन्लुआची मान खाली गेली. भंतेंनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. पण ती ओळ त्यांनी तीनदा गायली.

अध्याय संपला. पुण्य अर्पण करायचं. बुन्लुआनं छोट्या सुरईतलं नदीचं पाणी वाटीत धारेनं सोडायला घेतलं. ज्याच्या हातात सुरई नाही त्यानं ओतणाऱ्याला शिवायचं, म्हणजे पुण्य सगळ्यांचं होतं. लामदुआननं भावाचं कोपर धरलं, पान्वादनं आईचा खांदा, तिच्यामागं ढोलवाल्या काकांनी, त्यांच्यामागं आंबराईतल्या बायकांनी, अशी ओळ पार पायऱ्यांपर्यंत गेली. खम्फाव आजी डोळे मिटून पुटपुटत होती. आधी, गेलेल्या नवऱ्याला. मग टँकरच्या गावांना. "आणि दारात ओरडणाऱ्या त्या सगळ्यांना. त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत."

लामदुआननं त्यात आपलं मनातलं घातलं. तीस वर्षांपूर्वी याच कोपरांनी तिचे पाय आवळून धरत त्यानं तिला पाठीवर नेलं होतं. त्यानं ते ओझं खाली ठेवलं असं तिला कालपर्यंत वाटत होतं. नव्हतं ठेवलं. जरा वेळ विसरला होता, इतकंच.

तेवढ्यात तिच्या मांडीजवळची भाताची करंडी थरथरू लागली. फोन. कालपासून तो तिथंच होता. झाकणाच्या फटीतून लामदुआननं नाव वाचलं. मंत्री. खुद्द. बुन्लुआनंही ते वाचलं, पण हात हलवला नाही. धार तुटू द्यायची नसते. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यानं सुरई धरून ठेवली, मग वाटी उचलून बाहेर पिंपळाच्या मुळाशी रिती केली आणि परत येऊन बसला. करंडी अजून थरथरतच होती.

तो करंडीकडं नुसता पाहत राहिला. एका फोनमध्ये खुर्ची जाणार होती, हे त्यालाही कळत होतं आणि लामदुआनलाही.

खम्फाव आजीनं डोळे उघडले, करंडी उचलली, झाकण काढलं आणि मुलापुढं धरली.

"घे," ती म्हणाली. "कुणीतरी दारात आलंय. ऐकून घे. आणि मग तुझंही सांग. आम्ही आहोत इथं."

बुन्लुआनं फोन कानाला लावला. लामदुआननं पुन्हा त्याचं कोपर धरलं. तिच्यामागची ओळ अजून सुटली नव्हती.